शेवंताबाईचे वास्ते

समुद्राकाठच्या शहराकडं सहलीला निघालेले ओळखीचे लोक अजूनही मला फोन करतात. "तू त्या लाईनीतला. तिकडं ते चायनीज, थाई, जपानी सगळं एकाच ताटात देतात म्हणे, त्यातलं चांगलं हॉटेल कोणतं?" मी चंद्रपुरात बसून विशाखापट्टणमचं काय सांगणार? त्या गावात मी राहिलो तो साडेतीन महिने, आणि तिथला समुद्र पाहिला तो स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून, कांद्याच्या पोत्यांवरून. तिथली निम्मी हॉटेलं आता बंद झाली असतील. म्हणून मी नाव सांगत नाही, पारख सांगतो.

पहिल्यांदा साधा फ्राईड राईस मागवा. दाणा दाणा वेगळा असला, तर भात आदल्या दिवशी शिजवून, पसरून, गार करून ठेवलेला आहे आणि आत कोणीतरी शिस्तीचा माणूस आहे. गोळा झाला असला, तर गरम भात कढईत टाकलाय. पुढचं काही मागवू नका. दुसरं, सुपात काय काय आहे ते वेटरला विचारा. तो आत जाऊन विचारून आला तर बसा. "सब कुछ है साहब" म्हणाला तर उठा. तिसरं, बांबूचे कोंब घातलेली एखादी भाजी घ्या आणि कोंब सावकाश चावा. शेवटी जिभेवर कडू लागला तर आचारी घाईत आहे. कसलीच चव लागली नाही तर कोंब डब्यातला आहे.

ही तिसरी पारख मी फोनवर सांगत नाही. आज लिहायला बसलो तर तिच्यापाशीच येऊन अडलो आहे.

मी सिंदेवाहीकडच्या एका तलावाच्या गावचा. बाप तलावात जाळं टाकायचा, माय टोपलीत मासोळी घेऊन गावोगाव फिरायची, पावसाळ्यात दोघं दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. बी.ए., सेकंड क्लास. हे मी आजही सांगतो आणि सांगताना आवाज थोडा वाढतो, त्याला माझा इलाज नाही. मार्कशीट आली तेव्हा बापानं ती उलटी धरून पाहिली आणि म्हणाला, "बराबर आहे."

नोकरी मात्र कोणी दिली नाही. दोन वर्षं अर्ज केले. त्यातून दुसरं काही मिळालं नाही, पण अर्ज लिहिण्यात हात बसला. 'महोदय' कुठं, 'सविनय' कुठं, 'विषय' आणि 'संदर्भ' किती अंतर सोडून, हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगता येई. अक्षर मुळातच चांगलं. गावातले लोक माझ्याकडून अर्ज लिहून नेऊ लागले. शेवटी चंद्रपुरात एका हॉटेलात गल्ल्यावर बसलो. वर्षभरात कॅप्टन झालो. कॅप्टन म्हणजे काही मोठा हुद्दा नव्हे. गिऱ्हाईक काय खाणार हे त्याच्याआधी ओळखायचं आणि त्याला वाटू द्यायचं की त्यानंच ठरवलं.

नव्वदच्या दशकातला मधला काळ. चायनीज म्हणजे गाडीवरचं लालभडक मंच्युरियन, एवढंच लोकांना माहीत. आमचं हॉटेल पहिल्या माळ्यावर, कागदी कंदिलांचं. भिंतीवरचा ड्रॅगन गावातल्या पेंटरनं काढला होता आणि त्याचा चेहरा नागपंचमीच्या नागोबासारखा झाला होता. गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. घुग्घुसचे कोळशाचे ठेकेदार यायचे, ते नूडल्सबरोबर पोळी मागायचे आणि नाही म्हटलं की दुखावले जायचे. एक ठेकेदार घरूनच डब्यात पोळ्या आणायचा, टेबलाखाली मोडायचा. मोहर्लीच्या जंगलातून वाघ न दिसता परतलेले पाहुणे यायचे. त्यांना वाढणं सगळ्यात अवघड. वाघाचा राग सुपावर निघायचा. एक निवृत्त हेडमास्तर महिन्यातून एकदा यायचे, काड्यांनी खायचा सराव करायला. भात संपायला दीड तास लागायचा. मी आणि वेटर पैज लावायचो. एके दिवशी त्यांनी शेवटचा दाणा काड्यांनी उचलला आणि सगळ्यांकडं पाहिलं. मी टाळी वाजवली. त्यानंतर ते कधी आले नाहीत. शिकून झालं होतं बहुतेक.

आमच्या शेटजींची सासरवाडी विशाखापट्टणमची. मेव्हण्याचं तिथं समुद्रासमोर मोठं हॉटेल. शेटजी एकदा तिथं जेवून आले आणि पेटले. "परसराम, आपल्यालाबी नवीन मेनू पाह्यजे. तू शिकलेला आहेस. जाय, वही घेऊन जाय, सगळं लिवून आण."

गेलो. पहिल्याच दिवशी त्या स्वयंपाकघरात आचाऱ्यानं एका बरणीचं झाकण काढलं. मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी होतं ते. नवीन लागलेले दोघं नाक दाबून बाहेर पळाले. मी तिथंच उभा राहिलो. आचाऱ्याचं नाव अप्पाराव, काळा, ठेंगणा, बोलण्यात हिंदी कमी आणि हात जास्त. त्यानं विचारलं, "तुमको बास नहीं आता?"

"आता है," मी म्हटलं. "घर का आता है."

तो इतका हसला की झारा खाली पडला. त्या दिवसापासून त्यानं मला हाताखाली घेतलं.

पुढच्या दिवसांत मी जे पाहिलं, त्याचा राग आला आणि छातीही फुगली, दोन्ही एकदम. सुकवलेले झिंगे कुटून चटणीत घालायचे. कमळाचे देठ चकत्या करून तळायचे. गवती चहा रश्शात. बांबूचे कोंब कोंबडीत. म्हणजे आमचंच सगळं! कॉलेजात असताना मायनं दिलेली झिंग्यांची पुरचुंडी मी पेटीत तळाशी, पुस्तकांखाली ठेवली होती. होस्टेलच्या खोलीतल्या तिघांनी वासावरून ती शोधून पेटीसकट व्हरांड्यात ठेवली. मी पुरचुंडी नालीत टाकली, साबणानं पेटी धुतली आणि मायला सांगितलं, फार चांगले होते झिंगे. आता तेच झिंगे चिनी मातीच्या वाटीत, समुद्राकडं तोंड करून बसलेले सुटाबुटातले लोक डोळे मिटून खात होते.

परतताना अप्पाराव माझ्याबरोबर चंद्रपूरला आला. शेटजींनी त्याला बोलावून घेतलं. नवीन मेनू छापला. त्यात बांबूच्या कोंबांचे चार पदार्थ. कोंब डब्यातले, मुंबईहून यायचे. कधी यायचे, कधी नाही. एका पावसाळ्यात डझनभर डबे आले ते फुगलेले. अप्पारावनं एकेक हातात घेऊन बाजूला ठेवला. "ये खाएगा तो आदमी जाएगा."

शेटजी कपाळाला हात लावून बसले. मी म्हटलं, "शेटजी, हे आमच्या गावी मिळते."

"तुमच्या गावी? चायनाचं?"

"आमी त्याले वास्ते म्हणतो."

गावी गेलो आणि शेवंताबाईला विचारलं. शेवंताबाई आमच्या घराला लागून राहायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, घरी ती आणि एक मुलगी. ती वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होती. प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरायची, रोप लावायचं, पाणी घालायचं. दहा वर्षांच्या वर झाली होती तिला त्या कामावर, आणि जुन्या रोजंदारीवाल्यांना कायम करणार अशी बोलणी चालली होती. यादी निघणार होती आणि यादीत शेवंताबाईचं नाव वरच्या नंबरात होतं. सगळ्या गावाला हे माहीत होतं. कायम झाली की पगार, रजा, म्हातारपणी काहीतरी. मुलीचं लग्न तिनं त्या यादीच्या भरवशावर पुढं ढकललेलं.

वास्त्यांची तिच्याइतकी जाण गावात कोणाला नव्हती. पावसाची चार नक्षत्रं झाली की बांबूच्या बेटातून कोंब वर येतो. वीतभर असताना काढायचा, हातभर झाला की तो लाकूड झाला. एका बेटातले सगळे काढायचे नाहीत, दोन-तीन ठेवायचे, नाहीतर बेट पुढच्या वर्षी रुसतं, असं ती म्हणायची. सालं सोलायची, पातळ चकत्या करायच्या, दोनदा उकळायचं आणि दोन्ही वेळचं पाणी फेकायचं, तेही कोंबड्या पिणार नाहीत अशा जागी. कच्च्या वास्त्यात विष असतं, हे आम्हाला पुस्तकातून कळायची गरज पडली नव्हती.

"हाटेलात वास्ते?" ती तोंडावर पदर घेऊन हसली. "काऊन रे बाबू, शहरातल्या लोकायले भाजीपाला मिळून नाई राह्यला का?"

"तिथी लय भाव आहे त्याले."

"मंग तुया बापानं मासोळ्या काऊन धरल्या जन्मभर?"

पण तिनं दिले. सुटीच्या दिवशी रानात जायची, उकळून, निथळून पोत्यात भरायची आणि एसटीनं पाठवायची. अप्पारावनं पहिली चकती चावली आणि डोळे मिटले. "ये किधर था अब तक?" त्या दिवशी मी दोन माणसांचं काम केलं.

शेटजींनी मग एक युक्ती काढली. रिकामे डबे घासून दर्शनी फळीवर मांडले आणि मला सांगितलं, कोणी विचारलं तर इम्पोर्टेड म्हणायचं. मी म्हणू लागलो. पहिल्यांदा जीभ अडखळली, नंतर नाही. आपल्या गावची वस्तू आपल्याच तोंडानं परकी सांगायची. तेव्हा मला त्यात धंद्याची हुशारी दिसली.

असे दोन पावसाळे गेले.

आमच्या भागात जंगल म्हणजे खात्याचं, आणि खात्याच्या लेखी वास्ता तोडणं म्हणजे एक बांबू मारणं. कायद्यानं बंद. पण खाणारे घरापुरते आणत आणि गार्ड लोक, तेही त्याच मातीतले, दुसरीकडं बघत. घरापुरते म्हणजे पदरात मावतील एवढे. तिसऱ्या वर्षी शेवंताबाईला गार्डनं रानाच्या कडेला धरलं, तेव्हा तिच्याजवळ दोन पोती होती.

गार्ड भला माणूस. आमच्याच शाळेत माझ्या पुढं दोन वर्षं. त्यानं पोती ठेवून घेतली नाहीत. तो तिला म्हणाला, "उद्या सायेब येणार आहेत. त्यायच्यासमोर हात जोड, म्हण एक डाव चूक झाली, आता नाई होणार. ते रागावतीन, ऐकून घेजो. संपलं." आमच्याकडं असंच मिटायचं. तोंडी. दहा जणांसमोर शिव्या खायच्या, मान खाली घालायची, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं. कुठं नोंद नाही, कुठं सही नाही.

शेवंताबाई घरी गेली नाही. दोन्ही पोती घेऊन तशीच एसटीत बसली आणि दुपारी चंद्रपूरला हॉटेलच्या मागच्या दारात उभी राहिली. पाय चिखलाचे. "बाबू, हे तुये वास्ते घे. आन तू शिकलेला आहेस, सांग मी काय करू. यादीतून नाव तं नाई जाणार ना?"

मी तेव्हा जे बोललो ते शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "शेवंताबाई, हात जोडाचे दिवस गेले. आपण काई भिकारी नाई. आपण अर्ज देऊ."

"गार्ड तं म्हणे, नुसतं बोलून होईन."

"बोललेलं उद्या कोणाले आठवते? लिवलेलं राह्यते."

हे मात्र मी खरं बोललो.

भटारखान्यातल्या लाकडी फळीवर फुलस्केप कागद घेतला आणि लिहायला बसलो. दीड पान झालं. इतकं चांगलं मी त्याआधी लिहिलं नव्हतं. त्यातलं एक वाक्य असं: 'सदर अर्जदार महिला पिढ्यानपिढ्या, दरवर्षी पावसाळ्यात, केवळ आपल्या कुटुंबाच्या उदरनिर्वाहाकरिता वास्ते काढीत आलेली असून तिचा अन्य कोणताही हेतू नाही.' मला वाटत होतं, मी तिचा हक्क मांडतो आहे. पिढ्यानपिढ्या म्हटलं की सरकारला थांबून विचार करावा लागेल. कुटुंबाकरिता लिहिलं, कारण हॉटेलचं लिहिता येत नव्हतं. लिहिलं असतं तर शेटजी, फळीवरचे डबे, मी, सगळे त्या कागदावर आलो असतो.

वाचून दाखवला. तिला निम्मा कळला नाही, पण ती ऐकताना ताठ बसली. 'सदर अर्जदार महिला' म्हणजे आपण, हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. तिनं सही केली. तेवढी सही तिला येत होती. मी तिला बजावून सांगितलं, एक प्रत खात्याच्या आफिसात देजो, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेजो, घेतल्याशिवाय हलजो नको.

अप्पाराव कांदा चिरत सगळं बघत होता. ती गेल्यावर म्हणाला, "होटल का नाम लिखा?"

"नहीं."

"अच्छा," तो म्हणाला आणि कांदा चिरत राहिला.

त्यानं आणखी काही विचारायला हवं होतं, असं मला पुढं पुष्कळदा वाटलं.

आठ-दहा दिवसांनी गार्ड मोटारसायकलवर चंद्रपूरला आला. वर आला नाही. मला खाली बोलावलं.

"परशा, काय लिवून ठेवलं बे तुनं?"

"काऊन? चुकीचं काय आहे त्याच्यात?"

"अबे, मी एका दिवसाची चूक म्हणून मिटवून राह्यलो होतो. सायेबबी तयार होते. तुनं लिवलं दरवर्षी! तिची सही घेतली. आवकचा शिक्का मारला. आता तो कागद फायलीत आहे. कागद आला का त्याले उत्तर द्या लागते. चौकशी लावा लागते. दरवर्षी जंगलातून चोरी करते असं बाई सोता लिवून देते, मंग तिले खात्याच्या कामावर कसं ठेवा, सांग बरं?"

तो गाडीवर जाऊन बसला.

"आन घरी दोन मान्सं. दोन पोते वास्ते कोण खाते, असं विचारलं तं ती काय सांगन?"

"काय सांगितलं तिनं?"

"काईच नाई. मुकी बसली." त्यानं गाडीला किक मारली. मग थांबून म्हणाला, "लिवलं मात्र मस्त. आफिसातला बाबू दोघायले वाचून दाखवत होता."

शेवंताबाईचं काम चौकशी होईपर्यंत थांबवलं.

गार्ड म्हणत होता ते साहेब, म्हणजे रेंजर, आमचे गिऱ्हाईक होते. महिन्यातून दोन शनिवार बायको-मुलांना घेऊन यायचे, चार नंबरच्या टेबलावर. सभ्य माणूस, वेटरला कधी अरे-तुरे केलं नाही. दर वेळी बांबूचे कोंब घातलेली कोंबडी मागवायचे आणि तोच विनोद करायचे, "आमच्या जंगलात बांबूच बांबू, आणि खायला मात्र बाहेरचा डबा!" आम्ही सगळे दर वेळी हसायचो.

त्या शनिवारी ते येणार हे मला ठाऊक होतं. मी ठरवलं होतं, सांगायचं. सकाळपासून मनात वाक्य जुळवत होतो. मोजकं, स्वच्छ: साहेब, ते वास्ते मी मागवले होते, तिचा दोष नाही. एवढंच. ते आले, बसले, नेहमीचं सांगितलं. मी स्वतः वाढायला घेतलं. मी तोंड उघडायच्या आधी तेच बायकोला सांगू लागले.

"आमच्या रोपवाटिकेत एक बाई आहे, त्या गावात तिला कोणीतरी अर्ज लिहून दिला. अगदी वकिली थाटात. वाटोळं केलं तिचं. चांगली कामाची बाई, मला माहीत आहे. मी नुसती समज देऊन सोडणार होतो. आता तिच्या सहीचा कबुलीजबाब आहे, मी काय करू?"

"दुसरं काही नाही करता येणार?" साहेबांच्या बाईंनी विचारलं.

"खरं काय ते कोणी पुढं येऊन सांगितलं तर वेगळं. दोन पोती घरी खायला नेली हे कोण मानणार? कोणीतरी घेणारा असणारच."

माझ्या हातात वाढायचा डाव होता. त्यांच्या ताटात शेवंताबाईनं त्या दिवशी आणून टाकलेल्या पोत्यांतले, अप्पारावनं मिठाच्या पाण्यात राखून ठेवलेले वास्ते होते. बाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "आज बांबू फार कोवळा आहे हो."

"नवीन माल आलाय, मॅडम," मी म्हटलं. "अजून थोडी ग्रेव्ही देऊ?"

बस. एवढंच बोललो.

लोक विचारतात, इतकी वर्षं या धंद्यात, चूक कोणती झाली? मी कॉर्नफ्लोअरच्या ठिकाणी खाण्याचा सोडा पडला होता तो किस्सा सांगतो. हसतात. खरी चूक ती नव्हे.

यादी निघायला आणखी दोन वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं होतं. मधल्या काळात शेवंताबाई रोवण्याला जायची, तेंदूपत्त्याला जायची. वास्त्याला कधी गेली नाही. आम्ही पुन्हा मुंबईचे डबे मागवू लागलो. चौकशीचं पुढं काय झालं हे तिला कोणी सांगितलं नाही, म्हणून तिनं आशा सोडली नव्हती. यादी लागली असं कळल्यावर तिनं निरोप पाठवला: तू येऊन वाच, दुसऱ्याच्या वाचण्यावर माझा भरवसा नाही.

गेलो. ऑफिसच्या भिंतीवर टाईप केलेले कागद डकवले होते. मी वरून खालपर्यंत वाचलं. ती माझ्या बोटाकडं बघत होती. तिच्याबरोबर पिशव्या भरणाऱ्या बायकांची नावं आली. तिच्या मागून लागलेल्या दोघींची आली. कागद संपला.

"एक डाव अजून वाच."

वाचलं.

"आता खालून वाच."

मी खालून वर वाचलं. लोक जमले होते. वरच्या नावापाशी येऊन बोट थांबलं तेव्हा ती म्हणाली, "असन. चाल, चहा पिऊ."

बसस्टँडसमोरच्या टपरीवर बसलो. ती म्हणाली, "बाबू, अजून एक अर्ज लिवून दे. पह्यल्यासारखाच."

मी टपरीवाल्याकडून कागद मागवला. त्या दिवशी मी 'सविनय' वगैरे काही घातलं नाही. साधं लिहिलं. वास्ते हॉटेलसाठी होते, मी मागवले, ती मला पुरवीत होती. हॉटेलचं नाव लिहिलं, माझं लिहिलं. खाली दुसरा परिच्छेद लिहिला: पहिला अर्ज मी माझ्या मनानं लिहिला, त्यातलं पिढ्यानपिढ्या आणि दरवर्षी हे तिनं सांगितलेलं नव्हतं, माझ्या त्या लिहिण्यामुळं तिचं काम गेलं.

पहिला परिच्छेद वाचून दाखवला. तिनं कप खाली ठेवला.

"हाटेलाचं काऊन लिवलं?"

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणून लिवाच लागते का? तुये शेटजी तुले ठेवतीन का मंग? तुई माय माया दारात येईन, म्हणन, माया पोराची नौकरी खाल्ली. माई गेली ते गेली. खोड ते."

"शेवंताबाई..."

"खोड म्हणते ना!"

मी खोडलं. तिला दुसऱ्यांदा समजावलं नाही. मला समजावता आलं असतं, बी.ए. होतो, कॅप्टन होतो, लोकांना नको असलेला पदार्थ गळी उतरवणं हाच माझा धंदा होता. पण पेन फिरवताना माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, ते मला तेव्हाच कळलं आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

"आन खाली काय लिवलं?" तिनं विचारलं.

"तेच. कामावर घ्यावं म्हणून विनंती."

दुसरा परिच्छेद मी तिला वाचून दाखवला नाही. स्वच्छ प्रत केली तेव्हा तो त्यात नव्हता, नुसती विनंती होती. तिनं सही केली, आत जाऊन शिक्का मारून आणला आणि ती प्रत घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवली. त्या अर्जाचं उत्तर आलं नाही.

अप्पाराव पुढं समुद्राकडं परत गेला. शेटजींनी हॉटेल विकलं, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. कायदाही म्हणे बदलला. सिंदेवाहीच्या बाजारात पावसाळ्यात वास्त्यांचे ढीग उघड्यावर दिसतात, कोणी कोणाला धरत नाही. शेवंताबाई थकली आहे. मुलीचं लग्न उशिरानं झालं. ती मला दिसली की आधी माझ्या तब्येतीचं विचारते.

आणि मी गावी गेलो की बायका अजून माझ्याकडं कागद घेऊन येतात. कोणाचं रेशन अडलेलं, कोणाचं घरकुल. दारात उभ्या राहून सांगतात, "शेवंताबाईनं पाठवलं. म्हणे, अर्ज लिवाचा तं बाबूकडूनच लिव, लय मस्त लिवते." मी त्यांना बसवतो, पाणी देतो आणि आधी विचारतो, नुसतं जाऊन बोललं तर भागणार नाही का? त्यांना वाटतं, म्हातारपणी मला लिहायचा कंटाळा आला आहे.